कुलूप दाखव

माझी आई खोटं बोलते. बाई वाईट नाही. शेजारपाजारचे लोक घराच्या किल्ल्या तिच्याकडे ठेवून गावाला जातात. पण माझ्याशी ती रोज खोटं बोलते, आणि तेही भर रस्त्यात, माझा हात धरून.

मी जन्मापासून आंधळी आहे. सरकारी कागदावर त्याला बरेच गोड शब्द आहेत, पण मला हाच आवडतो, कारण तो ऐकला की समोरचा गडबडतो. उजेड आहे की अंधार एवढं मला कळतं, त्यापुढे काही नाही. मी चालायला लागले तेव्हापासून आईनं एक काम अंगावर घेतलं: जाऊ तिथलं सगळं मला सांगायचं. शंतनुमामा त्याला 'रनिंग कॉमेंट्री' म्हणतो. एरवी आई इंदूरच्या बाकी मराठी माणसांसारखीच बोलते, म्हणजे क्रियापद तेवढं मराठी आणि उरलेलं सगळं हिंदी. पण कॉमेंट्री सुरू झाली की ती एकदम लायब्ररीतल्या पुस्तकासारखी बोलायला लागते. झाडं 'हिरवीगार' होतात, आकाश 'निरभ्र' होतं आणि जे काही शिल्लक राहिलं ते 'नयनरम्य'. जुन्या इंदूरात आमच्या घराजवळच्या पुलावरून जाताना ती सांगायची, "पाणी कसं संथ, नयनरम्य वाहतंय बघ." माझं नाक मला वेगळंच सांगत असे. मी काही बोलत नसे. तिला माझ्यासाठी जग धुऊनपुसून ठेवायचं होतं, ठेवू दे म्हटलं.

हे असंच चालत राहिलं असतं. पण मग झिरी खोहचं प्रकरण झालं.

मी बी.ए.ला आहे, विषय भूगोल. 'आंधळी मुलगी आणि भूगोल?' असं विचारणाऱ्यांची रांग लावली तर ती राजवाड्याला वळसा घालून परत येईल. फेब्रुवारीत वर्गाची ट्रिप उदयनगरच्या पुढच्या जंगलात निघाली. तिथे झिरी खोह नावाची गुहा आहे आणि तिच्या वाटेवर फार जुनं, कुऱ्हाड न लागलेलं जंगल आहे. परत आल्यावर प्रत्येकानं त्या जागेबद्दल वर्गासमोर बोलायचं होतं. ट्रिपसाठी मी नाव द्यायला गेले तर विभागप्रमुख सर अतिशय प्रेमानं बोलले. नाही म्हणायचं असलं की लोक माझ्याशी फार प्रेमानं बोलतात.

"बेटा, वहाँ तुम क्या देखोगी? ऊपर से रिस्क अलग. ऐसा करो, सुरभी से सुन लेना और वही बोल देना. नंबर की चिंता मत करो, वो तो मिल ही जाएँगे."

नंबर तो मिल ही जाएँगे! हे वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. मला सगळे सगळं असंच देऊन टाकतात, मार्क काय, रांगेतली पुढची जागा काय, देवळातला जास्तीचा प्रसाद काय. आणि मराठीत तर आंधळ्यांवर म्हणींचा नुसता सुकाळ आहे. आम्ही दळतो आणि कुत्रं पीठ खातं, आम्ही एक डोळा मागतो आणि देव दोन देतो, आमच्या गाई देव राखतो. माझ्या गाई मला राखू द्या, असं मी कितीदा म्हटलं असेल. ऐकतो कोण!

सुरभी माझी मैत्रीण. ती जाऊन आली आणि तिनं मला सगळं सांगितलं. गुहेचं तोंड मोठं आहे, आत सरळ चालत जाता येतं. शेवटी समोरच्या भिंतीत एक उभी फट आहे. अंग तिरकं करून त्या फटीतून गेलं की आत दालन आहे म्हणे, तिथे बारमाही झरा आहे.

"म्हणे म्हणजे? तू गेली नाहीस?" मी विचारलं.

"कोणीच नाही गेलं यार. गाववाले सांगत होते. तो प्रणव घुसला होता थोडासा, मग घबराके वापस आला. सर बोले, फोटो हो गए, चलो."

म्हणजे आत काय आहे हे वर्गातल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि मी मात्र त्यांच्याकडून ऐकून बोलायचं होतं. त्या दिवशी जेवायला बसल्यावर मी जाहीर केलं: मी झिरी खोहला जाणार, त्या फटीतून आत जाणार आणि वर्गात जे बोलेन ते माझं स्वतःचं बोलेन. बाबांना जंगल म्हटलं की डास आठवतात; त्यांनी 'हं' केलं आणि भाकरी मोडली. आईनं माझ्या ताटात भाजी वाढली. मग म्हणाली, "मी येणार."

रंगपंचमीला आईच्या ऑफिसला सुट्टी होती, तोच दिवस ठरला. गाडी मामाची. शंतनुमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो औषध कंपनीत एम.आर. आहे, त्यामुळे आसपासचे सगळे रस्ते त्याला पाठ. पण रंगपंचमीला इंदूर सोडायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, टँकरनी रंग उडवतात, अख्खं शहर रस्त्यावर येतं. आम्ही सकाळी निघालो तेव्हा कुठेतरी ढोल तापायला लागले होते आणि मामा उसासे टाकत होता.

"सारा शहर रंगात भिजणार आणि मी कोरडा गुफा बघायला. बोल उषाताई, हा न्याय आहे का?"

"तू चूपचाप गाडी चालव," आई म्हणाली.

कंपेलला थांबून आम्ही पोहे खाल्ले, वर शेव आणि जिरावन मसाला. पुढे रस्ता खडबडीत झाला आणि आईची कॉमेंट्री सुरू झाली. "दोन्ही बाजूंना सोनेरी गहू वाऱ्यावर डोलतोय, शर्वरी. जिथवर नजर जावी तिथवर सोनंच सोनं."

मी दोनदा सटासट शिंकले. खिडकीतून भुसा आत येत होता आणि थ्रेशर धडधडत होतं.

"आई, गहू कापून झालाय."

मामा इतका हसला की गाडी खड्ड्यात गेली.

जंगलाच्या सुरुवातीला नाका होता. बांबूच्या आडकाठीपाशी एक माणूस बसलेला होता. तोंडात तंबाखू असल्यामुळे त्याचं बोलणं गालात अडकत होतं. त्यानं मामाला विचारलं कुठे निघालात, किती जण आहात. मग माझ्या हातातली पांढरी काठी त्याला दिसली असावी.

"ये बच्ची देख नी सकती क्या?" हा प्रश्न अर्थातच मामाला.

"नी सकती," मीच म्हटलं.

"तो खोह में जाके क्या करेगी?"

"आप बताओ, आप गए हो अंदर? वो दरार वाली जगह में?"

तो पचकन थुंकला. "नी गया. अपने को काम नी पड़ा."

"मेरे को पड़ा है," मी म्हटलं.

आईनं माझा दंड दाबला, म्हणजे 'पुरे'. पण त्या माणसाला राग आला नव्हता. बांबू करकरत वर गेला. "संभल के जाना भिया," तो मामाला म्हणाला. "चमगादड़ हैं ढेर सारे. टॉर्च मुँह पे मत मारना उनके."

गाडी तिथे ठेवून आम्ही चालायला लागलो. मी मामाचा कोपर धरला होता. आंधळ्या माणसाला न्यायची हीच रीत आहे: त्यानं तुमचा कोपर धरायचा आणि अर्धं पाऊल मागून चालायचं, म्हणजे तुम्ही वळलात, उतरलात, थांबलात, ते त्याला आपोआप कळतं. मामाला मी हे एकदाच शिकवलं. आईला शंभरदा शिकवलं, पण ती माझा हातच धरते, लहान मुलाला रस्ता ओलांडून नेतात तसा. आत्ताही तिनं माझा दुसरा हात धरलेला होता.

"काय सुंदर आहे गं," ती म्हणाली. "सागाची हिरवीगार वनराई. गर्द छाया पसरली आहे."

माझ्या टाळूवर ऊन सरळ पडत होतं. पायाखाली पापडासारखी मोठाली पानं चुरमडत होती, प्रत्येक पावलाला इतका आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मी वाकून एक पान उचललं. थाळीएवढं होतं, खरखरीत, आणि हातात चुरा झाला.

"आई, तुझी वनराई सगळी खाली पडलीय."

"उषाताई, पकडी गई!" मामा म्हणाला.

आई चिडली. "मग काय सांगू? सगळं उघडंबोडकं आहे, काड्या उभ्या आहेत नुसत्या, हे सांगू?"

"हो. हेच सांग."

"कशाला? एवढ्या लांब आलीस, निदान तुझ्या मनात तरी चांगलं राहू दे."

"माझ्या मनात काय ठेवायचं ते मी ठरवीन ना!"

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. नंतर बराच वेळ कॉमेंट्री आली नाही. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सुखही वाटलं. तेवढ्या वेळात मला मोहाचा वास आला, गोड आणि थोडा आंबूस. एक सुतारपक्षी कुठेतरी ठोकत होता. उन्हाचे चटके आधी गालाला, मग मानेला बसायला लागले, त्यावरून वाट वळली हे मला कुणी न सांगता समजलं.

मग वाट खाली उतरायला लागली आणि सगळं बदललं. आधी हवा बदलली, माठाजवळ तोंड नेलं की लागते तशी गार हवा. पायाखालची पानं वाजेनाशी झाली. ती ओली होती, एकावर एक किती वर्षांची साचलेली कोण जाणे, पाऊल त्यात रुतत होतं. खाली ओढा वाहत होता. मी चालत होते आणि त्या ओढ्याचा आवाज मधेच बंद व्हायचा, दोन पावलं गेली की पुन्हा सुरू व्हायचा. पहिल्यांदा मला वाटलं माझा कान भरला. मग कळलं. माझ्या आणि ओढ्याच्या मधे झाडं येत होती. बारीक झाड आवाज अडवत नाही, त्याला तेवढं अंगच नसतं. ही झाडं अडवत होती.

"इथे उजवीकडे मोठं झाड आहे," मी म्हटलं.

"आहे," आई म्हणाली. नुसतं 'आहे'. पुढे विशेषण नाही.

मी मामाचा कोपर सोडला आणि हात पुढे करून झाडापाशी गेले. साल गुळगुळीत, गार, मधेमधे पापुद्रे सुटलेली. मामानं एक पापुद्रा तोडून वास घेतला आणि म्हणाला, "अर्जुन आहे हा. याचीच छाल आमच्या कंपनीच्या सिरपमध्ये असते. पण एवढा मोठा अर्जुन मी बापजन्मात नाही पाहिला." आम्ही तिघांनी हात पसरून झाडाला कवेत घ्यायचा प्रयत्न केला. माझं एक टोक आईला लागलं, दुसरं मामाला, पण त्या दोघांचे हात पलीकडे एकमेकांना भेटलेच नाहीत.

मग मी एकटीनं, हात न उचलता, झाडाला प्रदक्षिणा घातली. मुळं गुडघ्याएवढी उंच होती, त्यांवरून चढून उतरावं लागत होतं. एका खोबणीत मुंग्या होत्या, एका ठिकाणी वेल इतकी जाड की ती झाडच वाटावी. परत निघाल्या जागी आले तेव्हा मला रडू फुटलं. झाड सुंदर होतं म्हणून नाही, ते सुंदर आहे की नाही मला माहीत नाही. पण हे झाड मला कुणी सांगितलेलं नव्हतं. हे मला माझं मिळालं होतं.

"काय झालं?" आई घाबरून म्हणाली.

"काही नाही. चला गुहेत."

गुहेचं तोंड वासावरून आधी सापडलं. वटवाघळांच्या विष्ठेचा वास असतो, नाकात झोंबणारा. आत पाय टाकला आणि मघापासूनचे सगळे किडे, पक्षी, ओढा मागे राहून गेले. काठीचा आवाज आता छताला लागून परत येत होता. तो उशिरा आला की छत उंच, लगेच आला की छत खाली, एवढा हिशेब मी जन्मभर करत आलेय. मामा टॉर्च घेऊन मागे चालत होता आणि दर मिनिटाला "अरे बाप रे" म्हणत होता. वरती वटवाघळं सळसळत होती. आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली.

छताचा आवाज जवळ आला. समोर भिंत होती, मला तिचा गारवा चेहऱ्यावर कळत होता. आई थांबली.

"शर्वरी, बंद आहे गं पुढे."

"काय?"

"ती दरार आहे ना, तिला जाळी लावली आहे. लोहे की. कुलूप आहे मोठं. नुकतीच लावलेली दिसते."

मी तशीच उभी राहिले. एवढं भांडून आले, नाक्यावरच्या माणसापुढे अक्कल पाजळली आणि इथे येऊन जाळी! माझा सगळा राग जाळी लावणाऱ्यावर निघाला. "कुणी लावली? कशाला? बारमाही झऱ्याला काय कुलूप लावतात? सुरभी आली तेव्हा तर नव्हती."

"लावली असेल नंतर. कोणी अडकलं-बिडकलं असेल. जाऊ दे, आपण इथवर आलो हेच खूप. चल." आणि तिनं माझा हात ओढून मला वळवलं.

मी वळलेसुद्धा. मी चार पावलं बाहेरच्या बाजूला चालले, हे मला आजही लाजिरवाणं वाटतं. तिचं मला खरं वाटलं, कारण त्यात एकही पुस्तकी शब्द नव्हता. आई खोटं बोलते तेव्हा सोनं डोलतं आणि छाया पसरते. जाळी आणि कुलूप ही आईची खोटी भाषाच नव्हे.

मग मला वाटलं, ठीक आहे, कुलूप तर कुलूप. मी वर्गात कुलपाबद्दल बोलेन. सगळी गुहा चालून गेले आणि हाताला कुलूप लागलं, असं सांगेन. पण ते माझ्या हाताला लागायला हवं.

"थांब," मी म्हटलं. "कुलूप दाखव."

आमच्या घरात 'दाखव' म्हणजे हात लावून दाखव. मी लहान असल्यापासून भाजीतलं वांगं असो की नवीन पंखा, 'दाखव' म्हटलं की आई माझा हात धरून त्यावर ठेवते. तिनं कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

"नको गं. गंजलंय सगळं. हात कापेल, मग धनुर्वाताचं इंजेक्शन घेत बसावं लागेल."

"नुकतीच लावली म्हणालीस ना?"

वर एक वटवाघूळ फडफडलं.

"मामा," मी विचारलं, "कुलूप कुठल्या कंपनीचं आहे?"

मामा औषधं विकतो. दिवसभर डॉक्टरांना वाटेल ते सांगतो, पण माझ्याशी त्याला खोटं बोलता येत नाही. तो घसा खाकरत राहिला. "मला नको यार मधे घालू, शर्वरी. ताई आणि तू बघून घ्या."

मी आईच्या हातातून माझा हात हिसडून सोडवला. वळले. काठी पुढे धरून सरळ भिंतीपर्यंत गेले. डावीकडे ठक, दगड. उजवीकडे ठक, दगड. मधे काहीच नाही. काठी आत गेली, मागून माझा हात खांद्यापर्यंत आत गेला. लोखंड नाही, जाळी नाही, कुलूप नाही. गार हवा बाहेर येऊन माझ्या तोंडावर आपटत होती.

मला भयंकर राग आला. नयनरम्य नदी मी सहन केली होती. सोनेरी गहू, गर्द छाया, सगळं सहन केलं होतं, कारण त्या खोट्यानं माझं काही अडत नव्हतं. हे खोटं वेगळं होतं. आईनं उघड्या वाटेला कुलूप लावलं होतं, आणि मी ते लागलंय असं धरून परत फिरले होते.

"तुझ्यात आणि सरांच्यात काय फरक आहे?" मी म्हटलं. "ते निदान तोंडावर तरी बोलले."

"शर्वरी!"

"सांग ना! आणखी कुठे कुठे कुलूप होतं? लहानपणी त्या बागेतला झोपाळा तुटलाय म्हणायचीस, तो तुटलेला होता? सहावीत पोहण्याच्या तलावात पाणी नाही म्हणालीस, खरंच नव्हतं?"

"नव्हतं कुलूप!" आई ओरडली. गुहेनं ते दोनदा परत ओरडून सांगितलं. "नाहीये कुलूप. आणि झोपाळाही नव्हता तुटला. घाबरले मी. ती दरार बघितली आणि तोंडातून कुलूप निघालं. तुला नाही दिसत ती, मला दिसते! काळीकुट्ट आहे, एवढीशी आहे. मी नाही येऊ शकत आत, समजलं? मी आले नाही तर तुला कोण सांगणार आत काय आहे?"

ती रडत होती. मीही रडत होते. मामा बिचारा टॉर्च बंद-चालू करत होता, त्याची खटखट येत होती.

"कोण सांगणार म्हणजे?" मी म्हटलं. "मी सांगणार. तुला."

मी फोन मामाकडे दिला, काठीची घडी करून कमरेला खोचली. उजवा खांदा आत घातला, डोकं खाली केलं. आईनं माझा कुर्ता पकडला होता. मी नुसती थांबून राहिले. ओढून सोडवला असता, पण मला तो तिच्याकडून सुटायला हवा होता. मग तो सुटला.

फट अरुंद होती. पाठीला दगड, पोटाला दगड. मधे एका जागी दगडाचं पोट पुढे आलेलं आहे, तिथे मी अडकले. खोटं कशाला सांगू, घाबरले. आंधळ्यांना अंधाराची भीती नसते हे खरं, पण दगडाची सगळ्यांनाच असते. बहुतेक इथूनच प्रणव परत फिरला असणार. प्रणव फिरला म्हणूनच मी फिरणार नव्हते. मी छातीतला सगळा श्वास सोडून दिला, अंग पोकळ केलं आणि सरकले. खांद्याची कातडी खरचटली. पुढचं पाऊल टाकलं आणि दगड संपले.

मी जिभेनं 'टॉक' केलं. आवाज दूर गेला, इकडेतिकडे फिरला आणि सावकाश परत आला. मोठी जागा होती. आमच्या कॉलेजच्या हॉलपेक्षा लहान, आमच्या घरापेक्षा मोठी. पाणी उजव्या कोपऱ्यात पडत होतं.

"शर्वरी?" आईचा आवाज फटीतून आला, चेपून बारीक झालेला. "ठीक आहेस? काय आहे गं आत?"

मी भिंतीला हात लावून निघाले आणि सांगायला लागले. भिंत ओली आहे, बुळबुळीत, शेवाळामुळे साबणासारखी. जमीन उतरती आहे, मी पाय घासत चालतेय. वास बाहेरच्यापेक्षा घाण आहे. इथे एक कोनाडा आहे, त्यात फुटका नारळ आहे आणि उदबत्तीची काडी. गाववाले येत असतील. ते मी तसंच ठेवलंय. खाली वेफर्सचं पाकीट पडलंय, ते मी खिशात घातलं, इंदूरची आहे ना, देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहराची, कचरा बघून हात स्वस्थ राहत नाही. हा झरा. अंगठ्याएवढी धार आहे. पाणी इतकं गार की हाडं दुखतात.

"घाबरलीस का?" आईनं विचारलं.

"मधे अडकले तेव्हा घाबरले. आता नाही."

"आणखी काय आहे? सांग ना."

तिनं असं विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी छताचं सांगितलं, मधेच एक थेंब मानेवर पडला त्याचं सांगितलं. ती मधे एकदाही बोलली नाही. माझं सांगून संपलं तेव्हा मी माझं नाव मोठ्यानं ओरडले आणि त्या जागेनं ते पूर्ण परत दिलं, आडनावासकट.

परत फटीतून बाहेर आले तर आई तिथेच, तोंडाशी उभी होती. तिनं माझा खरचटलेला खांदा चाचपला, पण त्याबद्दल काही म्हणाली नाही.

"मला ने," ती म्हणाली.

"कुठे?"

"आत. मला ने."

"ताई, पागल झालीस काय?" मामा म्हणाला. "अडकशील तिथे, फायर ब्रिगेड बोलवावी लागेल."

"तू चूप. टॉर्च धर."

"टॉर्चचा काही उपयोग नाही," मी म्हटलं. "आत हात हलवायला जागा नाही, आणि उजेड दगडावर पडून परत तुझ्याच डोळ्यात येईल. बंद कर रे मामा."

मामानं टॉर्च बंद केला. आईनं अंधारात माझा हात शोधला आणि गच्च धरला. तिचा हात घामानं ओला होता.

"हात नाही," मी म्हटलं. "कोपर धर."

तिची बोटं माझ्या मनगटावरून वर सरकली आणि कोपरावर येऊन थांबली. मी आत शिरले, ती मागून.

"उजवा खांदा आधी. डोकं खाली घाल. आता दगड पोटाला लागेल, तिथे सगळा श्वास सोडायचा, मग सरकायचं. मी आहे पुढे."

ती श्वास सोडत होती, घेत होती, पुटपुटत होती. दगडाच्या पोटापाशी आली आणि थांबली. तिची बोटं माझ्या कोपरात रुतली.

"शर्वरी," ती म्हणाली, "आत छान आहे ना गं?"

"नाही," मी म्हटलं. "वास मारतो. पाऊल टाक."